२४७ एकरांचं वर्षावन आणि एक कुटुंब

पाचशे मीटर रुंद, दोन हजार मीटर लांब. ब्राझीलच्या पारा राज्यात, शिंगू नदीकाठच्या आल्तामिरा गावाच्या पश्चिमेला, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकार एकेका कुटुंबाला या मापाची जमीन देत होतं. ती भरते १०० हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबात २४७ एकर. महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. आपल्याकडची जवळपास पंचाहत्तर खाती एकत्र केली तेव्हा कुठे तिथला एक तुकडा होतो. पण त्या तुकड्यावर शेत नव्हतं. चाळीस-पन्नास मीटर उंचीच्या झाडांचं वर्षावन होतं. आणि ते ताब्यात घेणाऱ्या नवरा-बायकोजवळ कुऱ्हाड, कोयता, काडेपेटी आणि कडेवर पोरं, एवढाच सरंजाम.

पुढच्या पन्नास वर्षांत या हजारो तुकड्यांचं जे झालं, ते सरकारनं आखलं तसं झालं नाही आणि टीकाकारांनी भाकीत केलं तसंही सगळं झालं नाही. प्रत्येक तुकड्यानं आपापली वाट धरली. कुठली वाट, हे घरात काम करणारे हात किती, पोरांची वयं काय, पायाखाली माती कुठली आणि पावसाळ्यात रस्ता चालतो का, यांवर ठरत गेलं. जंगलाचा नकाशा घरातल्या गोष्टींनी बदलतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो आणि तेव्हापासून या प्रदेशाबद्दल मिळेल ते वाचत आलो.

१९७० साली ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला. तिथली जमीन मूठभर बड्या जमीनदारांच्या हाती होती आणि गावंच्या गावं भूमिहीन मजुरांची. ती जमीन वाटण्याऐवजी लष्करी राजवटीचे राष्ट्राध्यक्ष एमिलिओ मेदिसी यांनी दुसरा मार्ग काढला: माणसांविना पडून असलेली जमीन, जमिनीविना राहिलेल्या माणसांना द्यायची. अशी जमीन म्हणजे ॲमेझॉन. जून १९७० मध्ये राष्ट्रीय एकात्मीकरणाचा कार्यक्रम जाहीर झाला, जुलैत जमीन वाटपासाठी ‘इंक्रा’ ही संस्था निघाली आणि ऑक्टोबरात आल्तामिराजवळ खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत एक महाकाय झाड पाडून ट्रान्स-ॲमेझॉन महामार्गाचा समारंभ झाला. त्या झाडाच्या बुंध्यावर पाटी बसवली गेली. हा महामार्ग अटलांटिक किनाऱ्यापासून जंगलातल्या लाब्रेआ गावापर्यंत ४,००० किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातला मोठा भाग आजही मातीचाच आहे. पाच वर्षांत एक लाख कुटुंबं वसवू, असं सरकारनं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या एक दशांशही कुटुंबं त्या मुदतीत वसली नाहीत.

आखणी मात्र अगदी काटेकोर होती. महामार्गाला दर पाच किलोमीटरवर काटकोनात आडरस्ते फोडायचे. महामार्गालगतचे तुकडे ५०० गुणिले २,००० मीटर, आडरस्त्यांवरचे ४०० गुणिले २,५०० मीटर. कोणताही घ्या, क्षेत्र १०० हेक्टरच. पन्नास-साठ घरांची वस्ती म्हणजे आग्रोविला. त्यांच्यावर बाजारपेठ, बँक, दवाखाना असलेलं आग्रोपोलिस. आणि त्याच्याही वर रुरोपोलिस. या शेवटच्या नावाचं एक शहर आजही महामार्गावर आहे. मेदिसींच्या नावाचं मेदिसिलांदियाही आहे, आल्तामिरापासून ९०व्या किलोमीटरवर.

ही सगळी चौकट पट्टी ठेवून कागदावर ओढलेली होती. ओढे कुठून वाहतात, टेकड्या कुठे आहेत, दलदल कुठे आहे, हे त्या पट्टीला ठाऊक नव्हतं. म्हणून एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला तीन ओढे आले आणि शेजाऱ्याला पाण्यासाठी पायपीट. कुणाला सपाट जमीन, कुणाला निव्वळ चढ.

ती जमीन माणसांविना होती, हेही खरं नव्हतं. नदीकाठी रबर गोळा करणारी, मासेमारी करणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती. आणि आल्तामिरा ते उरुआरा या पट्ट्याजवळ अरारा लोकांची भूमी महामार्गानं मधोमध कापली. अरारांनी बाहेरच्यांशी संबंध टाळण्यासाठी वर्षानुवर्षं माघार घेतली, प्रतिकारही केला. सरकारी पथकाशी त्यांचा शांततेत संपर्क झाला तो १९८१ मध्ये. त्यांच्यापैकी काशोएरा सेका इथल्या गटाच्या भूमीला अंतिम मान्यता मिळायला २०१६ साल उजाडलं. दरम्यान त्याच भूमीवर गरीब शेतकरी कुटुंबंही येऊन राहिली होती. दोन्ही बाजूंची माणसं एकाच सरकारच्या निर्णयानं समोरासमोर आणली गेली, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत क्लेशदायक वाटते.

आता मातीकडे येतो, कारण खरं आश्चर्य तिथे आहे.

इतकं घनदाट जंगल पोसणारी माती किती सुपीक असेल, असं कुणालाही वाटेल. ॲमेझॉनच्या बहुतेक भागात तसं नाही. लाखो वर्षांच्या पावसानं मातीतली पोषकद्रव्यं धुऊन नेली आहेत. उरली आहे ती पिवळट, आम्लधर्मी, ॲल्युमिनियमनं भरलेली माती. जंगलाची संपत्ती मातीत कमी आणि झाडांत जास्त साठलेली असते. पान गळलं की बुरशी आणि उथळ मुळं मिळून ते बघता बघता पुन्हा झाडात परत नेतात. त्यातून जे थोडं निसटतं, त्याची भरपाई करायला आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून येते. तिच्यातून वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस या खोऱ्यात पडतो, असा उपग्रहांच्या मोजणीवरून काढलेला अंदाज आहे.

पण मेदिसिलांदियाच्या आसपास मातीचे काही पट्टे वेगळेच आहेत. तांबूस, गडद, भुसभुशीत, खोल. तिथले शेतकरी तिला ‘टेरा रोशा’ म्हणतात. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर उघडू लागला तेव्हा जमिनीच्या भेगांमधून शिलारस वर आला आणि थिजला. त्या काळ्या कातळाच्या झिजेतून ही माती झाली. आपला दख्खनही असाच शिलारसाचा, पण त्याहून खूप तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा. कमी पावसाच्या देशावर त्याची काळी कसदार जमीन झाली आणि कोकणातल्या धो धो पावसात तांबडा जांभा. शिंगूकाठी पाऊस भरपूर, तरी माती कसदार राहिली. १०० हेक्टरचा तुकडा अशा पट्ट्यावर पडला की त्या कुटुंबाचं नशीब पालटायचं. आडरस्ता दोन-तीन किलोमीटर पुढे गेला की पुन्हा पिवळी माती.

नशिबाचा भाग होता, तसा ज्ञानाचाही. मानववंशशास्त्रज्ञ एमिलिओ मोरान १९७०च्या दशकात या वसाहतीत राहून अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की ॲमेझॉनमध्येच वाढलेली माणसं जागा निवडताना माती खणून बघत नसत, झाडं बघत. पाउ-दार्को नावाचं झाड आणि त्याच्या सोबतीची झाडं जिथे, तिथली माती चांगली. आकापू माजलेला असेल तिथे जाऊ नये. बाहेरून आलेल्यांना ही झाडं ओळखू येत नव्हती. त्यांना मोठाली झाडं म्हणजे चांगली जमीन एवढाच आडाखा ठाऊक होता आणि तो वारंवार फसला. अधिकाऱ्यांच्या लेखी हे स्थानिक लोक मागासलेले होते. त्यांच्याकडचं हे ज्ञान सरकारनं सुरुवातीलाच विचारून घेतलं असतं, तर कित्येक कुटुंबांची पहिली दहा वर्षं वाया गेली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या वर्षांची शेती सगळ्यांची सारखीच. कोरड्या महिन्यांत दोन-तीन हेक्टर जंगल तोडायचं, वाळू द्यायचं, पावसाच्या तोंडावर पेटवायचं आणि राखेत भात, मका, कसावा लावायचा. सह्याद्रीत ज्याला कुमरी म्हणत, तीच पद्धत. झाडांत साठलेली पोषकद्रव्यं राखेवाटे एकदम मातीत उतरतात, आम्लताही काही काळ कमी होते, आणि पहिलं पीक झकास येतं. दोन-तीन वर्षांत राखेचा जोर ओसरतो, तण माजतं आणि नवा तुकडा तोडावा लागतो.

बँका कर्ज देत ते मुख्यतः भातासाठी. भात तयार होई ऐन पावसात, जेव्हा आडरस्त्यांचा चिखल झालेला असे आणि ट्रक आत येऊ शकत नसे. पोती झोपडीत भिजत, कोंब फुटत, आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर दारात. त्याच महिन्यांत मलेरियाचा जोर. घरातला एक कर्ता माणूस कापणीच्या वेळी महिनाभर अंथरुणाला खिळला तर त्या वर्षीचं पीक गेलंच. म्हणून पुष्कळांनी तुकडे विकले आणि गावाची वाट धरली किंवा आणखी आत, नव्या जंगलात गेले. हा दुसऱ्यांदा निघालेला शेतकरी ॲमेझॉनच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या मागे राहिलेली साफ जमीन मोठ्या पशुपालकांनी एकेक करून जोडून घेतली.

जे टिकले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी भाताच्या खुंटांत गवत पेरलं. यामागे साधी गणितं होती. गवताला हात कमी लागतात. पोरगं आजारी पडलं की एक वासरू विकता येतं. रस्ता बंद असला तरी गाय आपल्या पायांनी बाजारापर्यंत चालत जाते. शिवाय जमीन साफ केलेली असली की ती ‘सुधारलेली’ ठरे. ताबा सिद्ध करायला आणि चांगली किंमत यायलाही उभ्या जंगलापेक्षा गवताळ कुरण उपयोगी पडे. कायद्यानं तेव्हा तुकड्याचं निम्मं जंगल राखायचं होतं, १९९६ पासून तर ८० टक्के. व्यवहार मात्र उलट दिशेनं ओढत होता.

या कुरणांतली पांढरी, वशिंडाची गुरं पाहून मराठी माणूस चमकेल. ब्राझीलमध्ये त्यांना नेलोर म्हणतात आणि ती आंध्रच्या ओंगोल जातीची वंशज आहेत. त्यांच्या पुढ्यातलं ब्राकियारिया गवत आफ्रिकेचं. भात आशियाचा, कॉफीही आफ्रिकेची, काळी मिरी आपल्या मलबारची. ॲमेझॉन तोडून जे वाढवलं त्यातलं फारच थोडं ॲमेझॉनचं होतं. जे होतं, त्यातल्या एका झाडाकडे आपण येणारच आहोत.

१९७२ पासून लँडसॅट उपग्रह वरून जाता जाता या प्रदेशाची छायाचित्रं घेत आले आहेत. त्यांत महामार्ग आणि त्याला फुटलेले आडरस्ते मिळून माशाचा काटा उमटतो. ब्राझीलमध्ये या रचनेला नावही तेच आहे. संपूर्ण ब्राझिली ॲमेझॉनचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जंगलतोडीपैकी जवळजवळ ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा मोठ्या नदीपासून एक किलोमीटरच्या आत झाली आहे. जगभर हे चित्र विध्वंसाची खूण म्हणून छापलं गेलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

पण १९९०च्या दशकात मोरान, एदुआर्दो ब्रोंदिझिओ आणि इंडियाना विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी इंक्राच्या तुकड्यांची जाळी उपग्रहाच्या चित्रांवर बसवली. १९८२ नंतरच्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर गुणिले ३० मीटरचा. म्हणजे १०० हेक्टरचा एक तुकडा साधारण १,१११ ठिपक्यांचा. आता प्रत्येक कुटुंबाचे हजारभर ठिपके सालोसाल वेगळे बघता येऊ लागले. मग ही मंडळी घरोघर गेली आणि विचारत सुटली: तुम्ही कधी आलात, मुलं किती, कुठल्या वर्षी काय लावलं?

जे हाती आलं ते विलक्षण होतं. आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तोड जोरात होते: लहान मुलं, खाणारी तोंडं जास्त, म्हणून भात-मका-कसावा. पुढे ती मंदावते, काही जमीन कुरणाखाली जाते, काही सोडून दिलेली जमीन पुन्हा झाडोऱ्यानं भरते. पोरं हाताशी आली की बारमाही पिकं येतात. कारण कोको किंवा मिरी लावायची तर फळ धरेपर्यंत तीन-चार वर्षं थांबण्याची ऐपत आणि राबणारे हात लागतात. मुलं लग्न करून वेगळी झाली की पुन्हा बदल. १९७२ साली आलेल्या आणि दहा वर्षांनी आलेल्या कुटुंबांचे तुकडे एकाच चित्रात वेगळे दिसतात. दुसऱ्यांचा इतिहास पहिल्यांच्या मागून चालत असतो. माती, कर्ज, महागाई यांनी या चालीत फेरफार होतात, पण चाल ओळखू येते. घरातला पाळणा आणि घरातलं लग्न अवकाशातून दिसतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. त्याची सावली मात्र नक्की दिसते.

आता ते झाड. कोको हे मूळचं ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी माणसं ते वापरत होती, याचे पुरावे सापडले आहेत. पण वसाहतीच्या सुरुवातीला सरकारची पसंती होती उसाला. मेदिसिलांदियाजवळ सरकारी साखर कारखाना उभा राहिला आणि टेरा रोशावरच्या कुटुंबांना ऊस लावायला सांगितलं गेलं. पुढचं मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही: उसाची बिलं थकली. १९८३ साली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. शिंगूचे बिशप एर्विन क्रॉयटलर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर लष्करी पोलिसांनी त्यांनाही मारहाण करून ताब्यात घेतलं. कारखाना पुढे बंद पडला आणि उसाची जमीन कोकोखाली गेली.

कोको कौटुंबिक शेतीला शोभतो. एक कुटुंब पाच-सहा हेक्टर सांभाळू शकतं. फळं कोयत्यानं तोडायची, फोडायची, गर लाकडी पेट्यांत आंबवायचा, बिया सरकत्या छपराच्या ओट्यावर वाळवायच्या. यातली पुष्कळ कामं घरातले सगळे मिळून करतात. वाळलेली बी टिकाऊ असते. रस्ता आठ दिवस बंद राहिला तरी भातासारखं नुकसान होत नाही. हात कमी पडले तर अर्धेलीनं दुसऱ्या कुटुंबाला बाग दिली जाते. कोकोला सावली मानवते, म्हणून शेतकरी महोगनी, ब्राझील-नट, पाउ-दार्को यांसारखी उंच झाडं राखतात किंवा नव्यानं लावतात. अशी बाग उपग्रहाच्या चित्रात इतकी हिरवी दिसते की ती आणि पुन्हा उगवलेलं जंगल वेगळं ओळखणं अभ्यासकांना आजही जड जातं. ती अस्सल वर्षावनाची बरोबरी करत नाही. प्रजाती खूप कमी असतात. पण कुरण आणि अशी बाग यांत निवड असेल, तर पक्षी काय निवडतील हे उघड आहे.

१९८९ मध्ये ब्राझीलच्या जुन्या कोकोप्रदेशात, बाइया राज्यात, ‘चेटकिणीचा झाडू’ नावाचा बुरशीचा रोग शिरला आणि तिथलं उत्पादन कोसळलं. आज देशात सर्वांत जास्त कोको पिकवणारा तालुका मेदिसिलांदिया आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या कोऑपट्रान्स या सहकारी संस्थेनं २०१० मध्ये स्वतःचा चॉकलेटचा कारखानाही काढला.

हे सगळं आपसूक घडलं नाही. १९७४ नंतर सरकारनं छोट्या शेतकऱ्यांवरची माया आवरती घेऊन मोठ्या पशुपालकांना सवलती दिल्या. महामार्गावरची कुटुंबं वाऱ्यावर सोडली गेली. त्यांनी चर्चच्या आधारानं गट बांधले, संघटना उभ्या केल्या, कर्ज आणि रस्ते मागितले. आणि पुढे जंगल राखण्याची मागणीही त्यांनीच केली, कारण जमीन बळकावणारा जंगलही संपवत होता आणि त्यांनाही. या लढ्यातले नेते आदेमीर फेदेरिसी यांची २००१ मध्ये आल्तामिरात हत्या झाली. अनापूजवळ छोट्या कुटुंबांसाठी ८० टक्के जंगल राखणारी वसाहत उभारणाऱ्या ७३ वर्षांच्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना १२ फेब्रुवारी २००५ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर पाचच दिवसांत सरकारनं शिंगूच्या पश्चिमेला तेरा दो मेयू इथे ३३ लाख हेक्टरांहून मोठं संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. २००६ मध्ये ‘कौटुंबिक शेती’ला कायद्यात व्याख्या मिळाली आणि २००९ च्या कायद्यानं शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी या शेतकऱ्यांकडूनच करणं बंधनकारक झालं.

ॲमेझॉनच्या नाशाचा दोष छोट्या शेतकऱ्यावर टाकणं सोपं असतं, कारण त्याची तोड रस्त्याकडेला दिसते. मोठ्या पशुपालकांची तोड कितीतरी अधिक आहे. पावसात चालणारा रस्ता, जमिनीचा पक्का कागद, मातीला साजेसं पीक आणि तीन-चार वर्षं थांबता येईल इतकं कर्ज मिळालं, तिथे पुष्कळ कुटुंबांनी जमीन विकली नाही आणि झाडं लावली.

लँडसॅटचा सगळा संग्रह २००८ पासून मोफत खुला आहे आणि गूगल अर्थवर १९८४ पासूनचा बदल एकापाठोपाठ एक वर्ष असा बघता येतो. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मेदिसिलांदिया शोधा, एका आडरस्त्यावरचा एकच पट्टा निवडा आणि मुलांना विचारा, या घरात या वर्षी काय घडलं असेल?